सात चक्रं, सात लाईट आणि माझे दीड हजार

मावशीने मागेच लागून कोथरूडमधल्या एका रंगीत लाईटच्या चक्र थेरपी सेंटरला नेलं (नाव नको). पंचेचाळीस मिनिटांचे दीड हजार. अंधाऱ्या खोलीत गादीवर झोपवतात, मूलाधारला (पाठीच्या कण्याच्या तळाशी) लाल, नाभीवर पिवळा, छातीवर हिरवा असं करत टाळूवर जांभळा लाईट. खरं सांगू का, झोप मात्र मस्त लागली, एसी, तानपुरा आणि कोणी फोन करणार नाही म्हटल्यावर लागणारच ना! मधेच निळा बल्ब फडफडायला लागला तर ताईंनी स्टँडला एक चापट मारली आणि विशुद्धी (म्हणजे घशाचं) चक्र परत चालू 😄

पण घशाची खवखव जशीच्या तशी. त्यात त्या म्हणे थायरॉइडच्या गोळ्या हळूहळू बंद करता येतील, हे मला अजिबात नाही पटलं. निळ्या लाईटने बाळाची कावीळ उतरते ते खरंय, पण तिथे त्वचेतलं बिलिरुबिन (कावीळीतलं पिवळं द्रव्य) प्रकाशाने बदलून बाहेर पडतं, चक्रांचा काय संबंध? आणि हे प्रकरण नवीन पण नाही, मुंबईत जन्मलेल्या दिनशा घडियाली यांनी अमेरिकेत असंच रंगीत दिव्यांचं मशीन विकलं, 1947 मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं.

आराम म्हणून पाचपैकी दोन स्टार. मावशीने दहा सेशनचं पॅकेज घेतलंय, रिफंड नाही.