कागद सगळे खरे होते, गाडी पुरातली निघाली

२०२३च्या दिवाळीआधी आम्ही पुण्यात एक सेकंडहँड गाडी घेतली. २०१७चं मॉडेल, पेट्रोल, फर्स्ट ओनर, मीटरवर ४६ हजार किलोमीटर, किंमत २ लाख ९० हजार. ही गाडी २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या पुरात डॅशबोर्डपर्यंत बुडाली होती, ते आम्हाला पुढच्या पावसाळ्यात कळलं. जुनी गाडी घेताना लोक आरसी बघा, विमा बघा, कर्ज आहे का बघा, असं सांगतात. आम्ही ते सगळं बघितलं होतं आणि त्यात एकही कागद खोटा नव्हता. हीच गोष्ट मला इतरांपर्यंत पोहोचवायची आहे.

हायवेच्या कडेला ओळीने गाड्या लावून बसणारा एक विक्रेता होता. "डॉक्टरांची गाडी आहे ताई, घर ते दवाखाना एवढीच चाललीय," असं तो म्हणाला. आरसीवर खरंच एका डॉक्टरांचं नाव होतं, पत्ता चिपळूणचा, पासिंग एमएच-०८. डॉक्टर आता पुण्यात मुलाकडे राहायला आलेत, असं सांगण्यात आलं. परिवहनच्या ॲपवर चासी नंबर जुळला, बँकेचा बोजा नव्हता, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठी लागणाऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर डॉक्टरांच्या सह्या तयार होत्या. विमा चालू होता, पण फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, आपल्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. त्याचं कारण काय, तर गाडी फारशी रस्त्यावर येतच नव्हती. आम्ही चालवून बघितली तेव्हा इंजिन गुळगुळीत, एसी थंडगार. सीट कव्हर नवी, खालचं मॅटिंग नवं. संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन घेऊन येणार आहे, हे वाक्यही होतंच. डॉक्टरांशी एकदा बोलू का, असं माझ्या नवऱ्याने विचारलं तेव्हा "त्यांना आता ऐकायला कमी येतं" असं उत्तर मिळालं.

सहा-सात महिने गाडी बरी चालली. गाडी नावावरही झाली. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मात्र एकेक गोष्ट बिघडू लागली. काचा मधेच अडकायच्या, सेंट्रल लॉक आपोआप लागायचं, आणि मग डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटला तो विझेचना. गाडी बंद ठेवली की आत कुबट वास. आमच्या मेकॅनिकने ड्रायव्हरच्या बाजूचं मॅटिंग उंबऱ्यापासून सोडवून वर उचललं आणि काही न बोलता मला हाताने बोलावलं. खालच्या फोममध्ये वाळलेला बारीक गाळ होता. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर. मग त्याने सीटबेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ धुतलेला होता, पण आत गुंडाळलेल्या टोकावर पाण्याची तपकिरी रेघ स्पष्ट दिसत होती.

एअरबॅगचा दिवा पेटलेला आहे म्हणजे अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. त्या गाडीत माझी मुलगी रोज पुढच्या सीटवर बसत होती. पैशाचं दुःख आहेच, पण हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पुरातली गाडी धुऊन-पुसून गुपचूप विकणारा माणूस घेणाऱ्याचा जीव धोक्यात घालतो, हे त्याला नीट माहीत असतं.

गाडी माझ्या नावावर असल्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जुनी नोंद दाखवली. शेवटची सर्व्हिसिंग जून २०२१ची, तेव्हा मीटर ७१ हजारांच्या पुढे. म्हणजे मीटरही मागे घेतलेला होता.

जुन्या आरसीवरच्या पत्त्यावरून, ओळखीच्या लोकांमार्फत, डॉक्टरांचा शोध लागला. ते चिपळूणमध्येच राहतात, पुण्याला कधी राहायला आलेच नाहीत आणि त्यांना अगदी व्यवस्थित ऐकू येतं. पुरानंतर विमा कंपनीने गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, धरली, मोडीची किंमत वजा करून पैसे दिले आणि मोड घेणाऱ्याने गाडी उचलून नेली. तेव्हा त्यांच्याकडून फॉर्मवर सह्या घेतल्या गेल्या. गाडी तोडून सुटे भाग विकले जातील, अशी त्यांची समजूत होती. पुढे पुण्यातली ई-चलानं त्यांच्या मोबाइलवर येऊ लागली तेव्हा ते चक्रावले. घरदार चिखलात गेलेल्या माणसाच्या सहीचा असा वापर झाला. नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तेच होते. त्या काळात कुणाला धडक बसली असती तर भरपाईचा दावाही त्यांच्यावर आला असता. पुरात गाडी गेली आणि ती दुरुस्तीपलीकडची असेल तर आरटीओत कळवून नोंदणी रद्द करून घ्या, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, हे मी चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरकडच्या सगळ्या मंडळींना कळकळीने सांगेन. आणि एमएच-०८ किंवा एमएच-०९ दिसलं की गाडी पुरातलीच, असं कृपया समजू नका. तिकडच्या हजारो गाड्या चांगल्या आहेत, आणि बुडालेली गाडी कुठल्याही पासिंगची असू शकते.

आता कुणी मला विचारलं की मी आधी आरसीवर नाव असलेल्या माणसाशी बोलायला सांगते, फोनवर का होईना. विक्रेता ते टाळत असेल तर टोकन देऊ नका. दुसरं, विक्रेत्याला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचं किलोमीटर बघा. विम्याची फक्त चालू पॉलिसी बघून उपयोग नाही. आधीच्या वर्षांच्या पॉलिसी मागा. फुल इन्शुरन्स एका वर्षी अचानक थर्ड पार्टीवर आला असेल तर त्या वर्षी काय घडलं, क्लेम झाला का, हे विमा कंपनीकडून काढा. मेकॅनिक आपला न्या, त्याला मॅटिंग उचलू द्या, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालू द्या, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधले बिघाड दाखवणारा स्कॅनर लावू द्या, आणि सीटबेल्ट तुम्ही स्वतः शेवटपर्यंत ओढा. याला फारसा खर्च येत नाही. टायरवरच्या चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे चारही टायर नवे असतील तर कारण विचारा. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेही मागा. आमच्या विक्रेत्याकडे ते नव्हतं, असं नंतर उघड झालं.

विक्रीच्या कागदावर "गाडी जशी आहे तशी, पाहून-चालवून घेतली" असं एक वाक्य होतं. तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्याने त्याच वाक्यावर बोट ठेवलं. आमच्या वकिलांचं म्हणणं असं की माहीत असलेला दोष लपवणं आणि मीटर फिरवणं अशा वाक्याने झाकलं जात नाही. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पैसे आम्ही बँकेतून दिले होते, त्यामुळे पुरावा हातात राहिला. डॉक्टरांनी प्रतिज्ञापत्र दिलं, सर्व्हिसिंगच्या नोंदीची प्रत जोडली, मेकॅनिकने मॅटिंग उचलल्यापासूनचे फोटो जोडले. निकाल अजून लागलेला नाही. गाडी बंद करून ठेवली आहे. विकून टाका, असं बरेच जण सुचवतात, पण तो गाळ लपवून ती पुढच्या कुणाच्या गळ्यात मारायची आमची तयारी नाही.