जुलैमधली 'फ्रेश' सुरमई, पाचपैकी अडीच स्टार

मागच्या रविवारी आईला घेऊन दादर वेस्टच्या एका मालवणी हॉटेलात गेलेलो, नाव नाही लिहीत कारण जेवण तसं वाईट नव्हतं, माझं भांडण आहे ते एका शब्दाशी. दारात फळ्यावर खडूने लिहिलेलं, 'आजची फ्रेश सुरमई थाळी ४८०'. आता बाहेर धो धो पाऊस, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, मग ही सुरमई काय पोहत आली दादरला?

वेटरदादाला विचारलं तर म्हणे, "एकदम फ्रेश साहेब, आत्ताच काढली."
आई लगेच, "फ्रीजरमधून ना?"
बिचारा हसला आणि पाणी आणायला गेला.

तसं आपण पण हा शब्द कुठेही चिकटवतो म्हणा. बाहेरून आलं की फ्रेश होऊन ये म्हणजे हातपाय धू, चहा घेतला की फ्रेश वाटतं, कॉलेजातून नुकता सुटलेला पोरगा फ्रेशर. पण माशाला इंग्रजीत फ्रेश म्हणतात तो न गोठवलेला, फ्रोझनच्या बरोब्बर उलटा. आपली कोळीण 'ताजी फडफडीत' म्हणते तेव्हा निदान कल्ला उघडून लाल दाखवते तरी, इथे रवा लावून तळलेल्या तुकडीचा कल्ला कुठे शोधणार! तुकडी चांगली हाताएवढी, वरून मस्त कुरकुरीत, मसाला पण घरच्यासारखा, आत मात्र कोरडी ठाक, कापूस चावतोय असं वाटत होतं. आईने हुशारीने खाडीतली चिंबोरी मागवली, ती फळ्यावर नव्हतीच आणि खरी ताजी तीच निघाली, नांगीतलं मांस गोड, रस्सा पातळ पण झणझणीत, भाताबरोबर अख्खी वाटी संपवली तिने.

सरळ 'फ्रोझन सुरमई' लिहा आणि शंभर रुपये कमी करा, मी तरीही खाईन. आता नारळी पौर्णिमेनंतरच जाईन म्हणतो.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता बिनमिठाचं, अजूनही गोड्या पाण्याला फ्रेश वॉटर म्हणतात ते त्यातूनच. त्या हिशोबाने आमच्या थाळीत सोलकढी शंभर टक्के फ्रेश होती, मीठच विसरलेले. सांगितल्यावर दुसरी वाटी आणून दिली, पैसे नाही लावले.