डेकवरील क्लीट-स्टँशनखाली ब्युटिल टेप : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आगोटीच्या आधी आमच्या फायबरग्लासच्या शिडाच्या नौकेवरील क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या), विंच (दोर ओढायची चक्रे) आणि स्टँशनचे, म्हणजे कठड्याच्या उभ्या दांड्यांचे, पाय उचलून पुन्हा बसवले. या वेळी त्यांच्याखाली नळीतल्या सीलंटऐवजी ब्युटिल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबराची पट्टी, लावली. कोकणातला पावसाळा, म्हणजे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, नौकेने किनाऱ्यावर उघड्या डेकनिशी काढला आणि दसऱ्यानंतर ती पुन्हा पाण्यात गेली. त्यामुळे आता मत मांडायला हरकत नाही.

सीलंट घेताना ते किती घट्ट धरते हेच बहुतेक जण आधी विचारतात. डेकवरील सामानाच्या बाबतीत तो प्रश्न गौण आहे. भार पेलायला आरपार गेलेले बोल्ट आणि खालची पट्टी असते. सीलंटने फक्त पाणी अडवायचे, आणि तेही भार आला की धातू किंचित हलत असताना. थ्रीएम ५२०० सारखे पॉलियुरेथेन सीलंट मुळात कायमचे चिकटवण्यासाठी असते आणि हल (नौकेचे खालचे धड) व डेकच्या सांध्याला ते शोभते. जी वस्तू पुढेमागे काढावीच लागणार, तिच्याखाली ते नको. आमच्या नौकेवर आधीच्या मालकाने कोणते तरी पॉलियुरेथेन भरले होते, आणि एका स्टँशनचा पाय सुटताना जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराचा, टवका बरोबर घेऊनच आला.

ब्युटिल कधीच वाळत नाही, आणि त्याचा सारा गुण यातच आहे. धातू हलला तरी ते ताणले जाते, सुटत नाही. डेकच्या भोकाची वरची कड थोडी उतरती केली, बोल्टच्या माथ्याखाली टेपची वळी गुंडाळली आणि वरून बोल्ट स्थिर धरून खालून फक्त नट फिरवला, की त्या उतारात ब्युटिलचे कडे दाबून बसते. नट मात्र एका दमात आवळू नये. काही दिवस थोडा थोडा आवळावा, म्हणजे जादा माल सावकाश बाहेर येतो.

याआधीचे एक काम सीलंटपेक्षाही मोलाचे आहे. आमच्या डेकच्या पोटात बाल्साचे लाकूड आहे आणि त्यात पाणी शिरले की केबिनमध्ये थेंब दिसेपर्यंत आत कुजणे सुरू झालेले असते. म्हणून प्रत्येक भोक मोठे करून, कडेचे बाल्सा कोरून काढून, त्यात घट्ट केलेले इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) भरले आणि ते कडक झाल्यावर नवे भोक पाडले. हे केले नाही, तर कितीही महागडे सीलंट आणा, पहिल्या गळतीला लाकूड भिजणारच.

पावसाळ्यानंतर एक विंच मुद्दाम उघडून पाहिला. बोल्टचे आटे कोरडे होते, गंजाचा डाग नव्हता. पाणी कोंडून राहिले की स्टेनलेस स्टीलही फटीत गंजते, म्हणून ही खात्री करून घेतली. चढताना सगळे ज्याला धरतात त्या स्टँशनखाली मात्र श्रावणात ओल दिसली. नट अर्धा फेरा आवळल्यावर ती थांबली. पॉलियुरेथेनबाबत हा उपाय नसतो, कारण एकदा चीर पडली की सगळे काढून नव्याने भरावे लागते.

तक्रारी दोन. उन्हात टेप मऊ होऊन कडेने बाहेर येते आणि तिच्यावर काळी धूळ बसते; प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून मिनरल टर्पेंटाइनने पुसावी लागते. शिवाय आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ब्युटिल टेप मागितली, तर छपराच्या गळतीसाठीची अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली टेप हातात पडते. या कामाला तिचा उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी चिकट, कागदावर गुंडाळलेली टेपच पाहून घ्यावी.

इंधनाच्या झाकणाभोवती ब्युटिल लावले नाही, कारण पेट्रोल-डिझेलने ते विरघळते. तिथे पॉलिसल्फाइड वापरले. विमानांच्या इंधनटाक्यांतही त्याच जातीचे सीलंट असते. ते वाळायला वेळ घेते, आणि अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटला अपाय करते म्हणून खिडक्यांपासून लांब ठेवावे. पाणरेषेखालच्या कामालाही ब्युटिल नको. सिलिकोन तर डेकवर आणूच नये, असे माझे मत झाले आहे: त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि पुढे त्या जागी ना रंग धरतो, ना दुसरे सीलंट.