आमच्या गल्लीची एएलएम: वयस्कर माणसं घरात असतील तर जरूर वाचा

मुलुंड पूर्वेला घर बघत असाल आणि सोबत वयस्कर आई-वडील असतील, तर लिफ्ट आहे का, पाणी किती वेळ येतं, याच्या जोडीने आणखी एक विचारून घ्या: या गल्लीत एएलएम आहे का, आणि ती खरंच चालू आहे की नुसती फलकावर? आमची चालू आहे. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. तरी त्या रोज संध्याकाळी खाली उतरतात, त्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका गल्लीतल्या रहिवाशांनी एकत्र येऊन पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदवलेला गट म्हणजे एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट). घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या लोकांनी ओला-सुका कचरा वेगळा करून दाखवला आणि १९९७ च्या सुमारास पालिकेने त्याचीच योजना केली. आमच्याकडेही सुरुवात कचऱ्यापासूनच झाली. पण त्यासाठी दारोदार फिरताना कोणत्या घरात कोण एकटं आहे, कोणाला कचऱ्याचा डबा घेऊन जिना उतरवत नाही, हे आपसूक कळत गेलं आणि काम तिकडे वळलं.

माझ्याकडून सगळ्यात जास्त गुण बाकांना. आधीचे सिमेंटचे बाक बुटके होते. ना पाठ, ना धरायला काही. गुडघे दुखणारं माणूस एकदा बसलं की उठायला दुसऱ्याचा हात लागायचा. त्यामुळे म्हातारी माणसं बसायचीच नाहीत, आणि मध्ये टेकता येत नाही म्हणून भाजीवाल्यापर्यंतही जायची नाहीत. नवे बाक करायला टाकताना मंडळाने गल्लीतल्या चार-पाच आज्यांना फॅब्रिकेशनवाल्याच्या दुकानात नेलं आणि त्यांना बसवून, उठवून उंची ठरवली. दोन्ही बाजूंचे लोखंडी हात बैठकीच्या थोडे पुढे आलेले आहेत, म्हणजे तळवे टेकून जोर देता येतो. सासूबाई आधी काठी कडेला अडकवतात, मग दोन्ही हात टेकवून सावकाश बसतात. उठताना कोणाला हाक मारत नाहीत. एका बाकापासून दुसरा दिसतो एवढ्याच अंतरावर ते ठेवलेत, त्यामुळे दम लागणाऱ्यालाही धीर येतो.

रस्त्याचं कामही तसंच नजर ठेवून. डांबरीकरण झालं की गटाराची झाकणं वर-खाली राहतात. त्यांचे फोटो त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला जातात. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, ते ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतात.

एकट्या राहणाऱ्यांसाठी दूधवाल्याला सांगून ठेवलंय: कालची पिशवी दाराला तशीच लटकत असेल तर लगेच फोन करायचा. पलीकडच्या इमारतीतले एक आजोबा न्हाणीघरात पडले होते, ते यामुळेच वेळेवर कळलं. दार फोडावं लागलं नाही, कारण एक किल्ली शेजारी ठेवायची हेही मंडळानेच पटवून दिलं होतं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी सोसायटीच्या ऑफिसात दोन सकाळी टेबल लावतात. वयामुळे बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा मशीनवर उमटत नाही, आणि पेन्शन अडेल या धास्तीने माणसं अर्धी होतात. इथे मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं. खिडकीच्या उजेडात खुर्ची ठेवलेली, आणि टेबलाशी बसलेली मुलगी न कंटाळता सांगते, “काकू, चष्मा काढा, आता पापणी मिटा, उघडा. झालं!” सत्तरीपुढच्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याची नोंदणीही तिथेच करून देतात.

आता जे खटकतं ते. सगळ्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांतल्या निम्म्यांकडे साधा फोन आहे. फाटकाजवळच्या फळ्यावर ठळक अक्षरांत एक कागद लावायला काय हरकत आहे? भाडेकरूंकडून वर्गणी घेतात, पण सभेत त्यांचं म्हणणं कोणी फारसं मनावर घेत नाही. हे मला अजिबात पटत नाही. आणि राबणारे हात बहुतेक साठीच्या पुढचेच. तरुण मंडळी गणपतीत दिसतात, एरवी नाही.

रात्री-अपरात्री सोबत किंवा आजारपणात माणूस हवा असेल, तर ते यांच्याकडून होत नाही. त्यासाठी ब्युरोचीच आया लावावी लागते, आणि मंडळ तसं आधीच स्पष्ट सांगतं. वर्गणी घरटी महिना शंभर रुपये. हिशेब दर तिमाहीला जिन्याखाली लावतात, पावत्यांसकट.

पुढच्या सभेत आमच्या फाटकाच्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार करायचा विषय आहे. जागा सोसायटीची, म्हणून दोन वर्षं अडलाय. गल्लीतल्या घरमालकांनो, भाडेकरूंनो, त्या दिवशी या आणि हात वर करा.