आवाज कोंदट येतो आणि कानात मळही होतो, अशांनी कोणता हेडफोन घ्यावा?

नवा हेडफोन निवडण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ (दोन्ही बाजूंना एकच आवाज) चालू करा आणि डाव्या-उजव्याचा बॅलन्स मध्यावर आहे ना ते पाहा. मग बातम्या किंवा मुलाखत लावून हेडफोन उलटा घाला, डावी बाजू उजव्या कानावर. दबका आवाज हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाला गेला, तर बिघाड हेडफोनमध्ये आहे. तो त्याच कानात राहिला, तर कान तपासायला हवा, कारण कितीही महाग हेडफोन घेतला तरी त्या कानाला तसंच ऐकू येणार. इअरबडचा घाट एकेका कानापुरता असतो, ते उलटे बसत नाहीत. अशा वेळी नुसता फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावून ऐका.

फक्त व्हिडिओ कॉल चालू असतानाच दोन्हीकडे आवाज बसका येत असेल, तर मळाचा संबंध नाही. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ बहुतेक वेळा कॉलच्या मोडवर जातं आणि आवाज मोनो व अरुंद होतो. कॉलच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा माइक निवडला की बऱ्याचदा तो पुन्हा खुलतो.

इअरबडमध्ये सर्वांत जास्त वेळा बिघडते ती नळीच्या तोंडाची बारीक जाळी. तिच्यावर मळाचा पातळ थर बसला की आधी ट्रेबल, म्हणजे उंच बारीक सूर, जातो. माणूस बोलतोय हे कळतं, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ वेगळे कळत नाहीत. याउलट बोलणं स्पष्ट पण बास (खालचे जाड सूर) गायब, आवाज पातळ, असं असेल तर जाळी ठीक आहे आणि टिप, म्हणजे इअरबडचं मऊ टोक, कानात नीट बसलेली नाही. तेव्हा एक माप मोठी टिप लावून पाहा. ही दोन लक्षणं ओळखता आली तर बऱ्याचदा नव्या खरेदीची गरज पडत नाही.

साफ करताना टिप काढा. सिलिकॉनची टिप कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पूर्ण सुकवा. जाळी जमिनीकडे तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. टाचणीने जाळी फाटते किंवा आत ढकलली जाते. स्पिरिट थेंबाथेंबाने ओतलं तर विरघळलेला मळ थेट ड्रायव्हरवर, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या भागावर, जातो.

कानाच्या नळीची लांबी प्रौढांत साधारण अडीच सेंटिमीटर असते. मळ तिच्या बाहेरच्या भागात तयार होतो आणि कातडीबरोबर आपोआप बाहेर सरकतो. तासन्‌तास घातलेली टिप ही वाट अडवते, आणि प्रत्येक वेळी घालताना थोडा मळ आतही लोटते. म्हणून ज्यांच्या कानात मळ वारंवार साचतो त्यांनी कानावरून बसणारा, पूर्ण कान झाकणारा हेडफोनच घ्यावा, हे आमचं ठाम मत आहे.

घरात शांत जागी ऐकायचं असेल तर पहिली पसंती सेनहायझर एचडी ५६० एस. कप मागून उघडे, वजन सुमारे २४० ग्रॅम, बोलण्यातली व्यंजनं अगदी सुटी ऐकू येतात, आणि हवा खेळती राहिल्याने कान घामेजत नाही. इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा; तो जास्त असला की फोनला जोर कमी पडू शकतो) १२० ओम आहे, पण बोलणं ऐकायला फोनचा साधा डोंगल (हेडफोनची वायर फोनला जोडणारा तुकडा) पुरतो. मात्र आवाज बाहेर जातो, त्यामुळे ऑफिसात तो नको. तिथे बंद कपांचा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५० एक्स बरा. ३८ ओमचा असल्याने फोनवर सहज चालतो. त्याचा बास भरीव आहे. चष्म्याच्या काडीमुळे गादीत फट पडली की तोच पहिला कमी होतो.

शॉक्झ ओपनरन गालाच्या हाडातून कंपनं पोचवतो, कानाची नळी मोकळी राहते. वजन फक्त २६ ग्रॅम. चालताना पॉडकास्ट ऐकायला उत्तम, संगीताला बास अपुरा, रहदारीत बोलणंही बुडतं. एक धोका लक्षात ठेवा: मळाचा बोळा झालेल्या कानालाही यातून बरंच स्पष्ट ऐकू येतं, त्यामुळे बोळा आहे हेच लक्षात येत नाही.

इटिमोटिक ईआर४ सारखा खोल जाणारा तिपदरी टिपचा इअरफोन बाहेरचा गोंगाट फार छान अडवतो, पण मळ होणाऱ्या कानासाठी तो सर्वांत वाईट. त्याचे फिल्टर बदलता येतात ही जमेची बाजू. इअरबडच हवा असेल, तर बदलता येणारी जाळी किंवा फिल्टर आहे का, हे आधी पाहा.

नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट दाबण्याची हेडफोनची सोय) चालू केलं की काहींना कानात दडा बसल्यासारखं वाटतं. ते बंद करून पाहा. दडा गेला तर तो मळाचा नव्हता. आंघोळीनंतर अचानक एक कान बंद झाला तर बहुधा मळ पाण्याने फुगलेला असतो. कापसाची काडी घालू नका, ती तो आणखी आत दाबते. पडद्याला भोक नसेल, कान दुखत किंवा वाहत नसेल, तर मळ मऊ करणारे थेंब तीन ते पाच दिवस घालता येतात. नाही निघाला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ सक्शनने काढतात. एका कानाचं ऐकू येणं काही तासांत किंवा एका रात्रीत उघड कारणाशिवाय गेलं, तर मळ समजून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण आतल्या कानाचा त्रास असेल तर उपचार पहिल्या काही दिवसांतच चांगले लागू पडतात.

तोवर आवाज वाढवून भागवू नका. मळ निघाल्यावर तीच पातळी कानाला फार मोठी पडते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो.