परदेशी क्रेडिट कार्डाने भारतांतर्गत विमान तिकिटे : १४ महिन्यांच्या वापरानंतर

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. आई-बाबा नागपूरला आहेत, धाकटा भाऊ बंगळूरला आणि सासर पुण्याला. त्यामुळे या तिन्ही गावांमधली विमानाची तिकिटे काढण्याचे काम गेली काही वर्षे आपसूक माझ्याकडे आले आहे. बाबांना पेमेंटच्या पानावर उलटी धावणारी मिनिटे दिसली की धडधडते, आणि भावाला तिकीट आठवते ते निघायच्या आदल्या दिवशी. नोव्हेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५ या १४ महिन्यांत मी माझ्या जर्मन बँकेच्या व्हिसा क्रेडिट कार्डाने भारतातल्या भारतात उडणाऱ्या विमानांची तिकिटे काढण्याचा १९ वेळा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळची नोंद एका वहीत ठेवली. १२ वेळा तिकीट पहिल्याच खेपेस निघाले, ४ वेळा दोन-तीनदा खटपट करावी लागली आणि ३ वेळा कार्डाचा नाद सोडून दुसऱ्या कोणाला तरी फोन करावा लागला.

यूपीआयने का भरत नाही, असे भारतातले सगळेच विचारतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जानेवारी २०२३मध्ये अनिवासी भारतीयांना परदेशी मोबाईल क्रमांकावर यूपीआय वापरण्याची मुभा दिली, परंतु ती सुरुवातीला १० देशांपुरती होती. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात त्या यादीत होते, जर्मनी नव्हता. एनआरओ खात्याचे, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपयांतल्या खात्याचे, डेबिट कार्ड माझ्याकडे आहे, पण त्याचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, आणि ते सिम रिचार्ज करून जिवंत ठेवले तरी रोमिंगवरचा संदेश पुष्कळदा पेमेंटची मुदत उलटल्यावर उगवतो. जर्मनीत घरोघरी असणारे जिरोकार्ड नावाचे डेबिट कार्ड तर या कामी निरुपयोगीच, कारण ती मूळची जर्मनीपुरतीच व्यवस्था आहे. तेव्हा क्रेडिट कार्डावाचून गत्यंतर नव्हते.

पहिले दोन-तीन महिने मी प्रत्येक अपयशाचा दोष कार्डाला देत होते. नंतर नीट वाचल्यावर लक्षात आले की माझा व्यवहार दोन कायद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत घडतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली, आणि ओटीपी पुढे भारतीयांच्या अंगवळणी पडला तो त्यातूनच. मात्र ही सक्ती भारतात दिलेल्या कार्डांना आहे, परदेशी कार्डांना नाही. युरोपात असेच बंधन कायद्याने सप्टेंबर २०१९मध्ये आले आणि जर्मनीत कार्डांवर ते प्रत्यक्षात २०२१च्या सुरुवातीस लागू झाले. पण पैसे घेणारा व्यापारी आणि त्याची बँक युरोपबाहेर असतील तर तेही पूर्ण अर्थाने लागू होत नाही. म्हणजे भारतीय नियम माझ्या कार्डाला हात लावत नाही आणि युरोपीय नियम भारतीय विमान कंपनीला. पडताळणी मागायची की नाही हे मग त्या संकेतस्थळाच्या पेमेंट गेटवेने, म्हणजे कार्डाचे पैसे व्यापाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थ सेवेने, आणि माझ्या बँकेच्या संगणकाने त्या त्या क्षणी, आपापल्या अंदाजाने ठरवायचे असते. एकाच संकेतस्थळावर, एकाच कार्डाने, एका मंगळवारी पैसे काहीही न विचारता गेले आणि पुढच्या शुक्रवारी नाकारले गेले, याचे कोडे मला असे उलगडले.

यात पैशांची जोखीम कोणावर पडते, हेही समजून घेण्यासारखे आहे. पडताळणीविना झालेला व्यवहार पुढे बनावट निघाला तर नुकसान साधारणपणे व्यापाऱ्याच्या, म्हणजे विमान कंपनीच्या माथी येते. पडताळणी झाली असेल तर ते कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. चोरलेल्या परदेशी कार्डावर दुसऱ्याच्या नावाचे, दोन दिवसांवर आलेले देशांतर्गत तिकीट काढणे हा फसवणुकीचा सरावाचा प्रकार असल्यामुळे कंपन्या अशा बुकिंगकडे संशयाने पाहतात. दुर्दैवाने माझे प्रत्येक बुकिंग बाहेरून पाहणाऱ्याला हुबेहूब तसेच दिसते: कार्ड जर्मनीचे, प्रवासी नागपूरचे, आणि भावाच्या कृपेने प्रवास उद्याचा.

आता प्रत्यक्ष पेमेंटच्या पानाविषयी. बहुतेक संकेतस्थळांवर परदेशी कार्डासाठी वेगळा पर्याय असतो आणि तो यूपीआय, नेटबँकिंग, वॉलेट, हप्ते या सगळ्यांच्या खाली दडलेला असतो. नेहमीच्या क्रेडिट कार्डाच्या रकान्यात क्रमांक भरला तर पान तो स्वीकारते, चक्र फिरवत बसवते आणि शेवटी कारण न सांगता नाकारते. त्यानंतर पत्ता. तिथला पिन कोड सहा अंकांचा हवा असतो आणि जर्मनीतला पाच अंकांचा असतो. मी पुढे एक शून्य जोडते आणि पान समाधानी होते. हे चालते, कारण कार्डाच्या पत्त्याची तपासणी करणारी यंत्रणा मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील कार्डांसाठी आहे, जर्मन बँक त्या रकान्याकडे पाहत नाही. रस्त्याच्या नावातील दोन टिंबांचा यू आणि जर्मन दुहेरी एस मात्र एका संकेतस्थळाला अजिबात पचला नाही. लाल अक्षरांत ‘अवैध पत्ता’ एवढेच येई, आणि कोणते अक्षर खटकते आहे हे शोधण्यात माझी सत्रातली सहा मिनिटे गेली. आता मी साध्या रोमन अक्षरांत लिहिलेला पत्ता एका फाईलमध्ये ठेवला आहे आणि तिथून चिकटवते.

मोबाईल क्रमांकाच्या रकान्यात अधिक एक्याण्णव आधीच कोरलेले असते, म्हणून तिथे मी बाबांचा क्रमांक देते. याचा एक फायदा असा की विमानाची वेळ बदलल्याचा संदेश थेट प्रवाशाला जातो. पण पहिल्या खेपेस पानावर ‘आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे’ अशी ओळ झळकली, तेव्हा मी बाबांना फोनवर धरून बसवले, आणि ते चष्मा कपाळावर सरकवून पाच मिनिटे फोनकडे पाहत राहिले. “अगं, काहीच आलं नाही. आईच्या फोनवर पाहू का?” मुळात तिथे काही येणारच नव्हते, विचारणा आली होती ती माझ्या हातातल्या फोनवर, बँकेच्या ॲपमध्ये, आणि मी तिकडे पाहिलेच नव्हते. ॲपमधल्या त्या विचारणेत रक्कम रुपयांत असते आणि पैसे घेणाऱ्याच्या जागी बऱ्याचदा विमान कंपनीऐवजी पेमेंट गेटवेचे अनोळखी नाव असते, त्यामुळे प्रथम पाहणारा घाबरून ‘नाकारा’ दाबण्याची शक्यता बरीच आहे. मी एकदा दाबले. त्यानंतर बँकेने कार्डच रात्रभरासाठी गोठवले.

पैसे कोणत्या चलनात भरायचे, या प्रश्नावर मात्र माझे मत पक्के झाले आहे. डिसेंबर २०२४मध्ये ११,२४० रुपयांचे एक तिकीट काढताना पानाने विनम्रपणे विचारले की रक्कम युरोत भरायची का, आणि १३२.८६ युरो असा आकडा दाखवला. युरो तेव्हा ८९ रुपयांच्या आसपास होता. रुपयांतच भरल्यावर माझ्या स्टेटमेंटवर १२६.२९ युरो आणि त्यावर बँकेचे पावणेदोन टक्के परदेशी वापराचे शुल्क, म्हणजे २.२१ युरो, असे एकूण १२८.५० युरो लागले. युरोचा पर्याय निवडला असता तर सव्वाचार युरोंहून अधिक गेले असतेच, शिवाय माझ्या बँकेच्या दरपत्रकानुसार युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर झालेल्या युरोतल्या व्यवहारालाही तेच पावणेदोन टक्के लागतात, म्हणजे दुहेरी भुर्दंड पडला असता. मेख अशी की काही पानांवर युरोचा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि रुपयांची खूण फिकट राखाडी रंगात कोपऱ्यात असते. घाईत हे हमखास नजरेतून सुटते.

परताव्याचा अनुभव संमिश्र आहे. भारतीय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०२५मधल्या नियमानुसार कार्डाने भरलेल्या तिकिटाचा परतावा कंपनीने तिकीट रद्द झाल्यापासून ७ दिवसांत करायचा होता, आणि एजंटामार्फत किंवा तिकिटांच्या पोर्टलवरून काढलेले असेल तर ३० कामाच्या दिवसांत. पहिल्या प्रकारात कंपनीने मुदत पाळली. माझ्या खात्यात रक्कम दिसायला आणखी पाच-सहा दिवस लागले, कारण ती भारतीय बँक, कार्डाचे जाळे आणि जर्मन बँक अशा तीन टप्प्यांतून येते. मात्र परतावा रुपयांत ठरतो आणि त्या दिवशीच्या दराने युरोत बदलतो, हे मी गृहीत धरले नव्हते. २०२५च्या गणेशोत्सवासाठी आम्ही दोघांची मुंबई-नागपूर तिकिटे मार्चमध्येच काढून ठेवली होती. १७,८६० रुपये, युरो ९४च्या आसपास, म्हणजे १९० युरो. ऑगस्टच्या सुरुवातीस कंपनीने ते उड्डाणच रद्द केले आणि सगळेच्या सगळे १७,८६० रुपये परत केले. तोपर्यंत युरो शंभरी ओलांडून गेला होता, आणि माझ्या हातात १७६ युरो पडले. मार्चमध्ये घेतलेले ३ युरो ३३ सेंटचे शुल्कही बँकेने परत केले नाही. कंपनीने पै न् पै परत केली, बँकेने नियमानुसारच दर लावला, आणि तरी माझे १७ युरो गेले. तक्रार करायची तर कोणाकडे, हे मला अजून उमगलेले नाही.

नाकारलेल्या पेमेंटचे पैसे अडकण्याचा प्रकारही दोनदा झाला. तीन वेळा प्रयत्न करून तीनही वेळा ‘अयशस्वी’ असे उत्तर आले, परंतु बँकेच्या ॲपमध्ये तीन रकमा राखून ठेवलेल्या दिसत होत्या. पैसे कापले गेले म्हणून मी रात्री अकरा वाजता कंपनीच्या मदत क्रमांकावर पाऊण तास घालवला. प्रत्यक्षात बँकेने रक्कम फक्त बाजूला ठेवलेली असते. व्यापाऱ्याने ती उचलली नाही तर काही दिवसांनी ती आपोआप मोकळी होते, माझी आठव्या दिवशी झाली. तोवर कार्डाची मर्यादा मात्र तेवढी आखडते. आता एकदा अयशस्वी झाले की मी आधी ईमेल आणि पीएनआर तपासते, नंतर ॲप, आणि मगच दुसरा प्रयत्न करते.

काउंटरवर कार्ड दाखवण्याची अट बऱ्याच कंपन्यांच्या नियमावलीत असते, आणि कार्डधारक स्वतः प्रवास करत नसेल तर कार्डाची सही केलेली छायाप्रत मागता येते. १४ महिन्यांत ती एकदाच मागितली गेली, पण नेमकी नागपूरला सकाळी साडेपाचला, आई-बाबा रांगेत असताना आणि श्टुटगार्टला मध्यरात्र उलटून गेलेली असताना. बाबांच्या पिशवीत मी आधीच पाठवलेली प्रत होती. मधले अंक काळ्या शाईने झाकलेले, शेवटचे चार उघडे, खाली माझी सही. काउंटरवरच्या मुलीने ती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. तेव्हापासून प्रत्येक तिकिटाच्या प्रिंटआउटला ती प्रत टाचलेली असते. गंमत अशी की हेच कार्ड मी स्वतः भारतात असताना जादा सामानाचे पैसे भरायला काउंटरवरच्या यंत्रात घातले, पिन दिला, आणि दोन सेकंदांत पावती बाहेर आली. घरबसल्या त्याच जादा वजनाचे पैसे भरताना ते दोनदा नाकारले गेले होते.

ज्या तीन खेपा पूर्ण फसल्या, त्या तिन्ही ४८ तासांच्या आतल्या प्रवासाच्या होत्या. त्यांतली एक मला विसरता येत नाही. काकांची प्रकृती अचानक बिघडली आणि बाबांना सकाळच्या विमानाने पुण्याला पोहोचायचे होते. दोन संकेतस्थळे, एक पोर्टल, लॅपटॉप आणि फोन असे सगळे करून झाले आणि दरम्यान भाडे दीड हजारांनी वाढले. शेवटी पुण्यातल्या चुलतभावाला उठवले. त्याने झोपेतच यूपीआयने दोन मिनिटांत तिकीट काढून दिले. त्याचे पैसे मी दुसऱ्या दिवशी एनआरओ खात्यातून पाठवले.

त्यामुळे आठवडाभर किंवा त्याहून पुढच्या प्रवासासाठी मी हेच कार्ड वापरते: कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, लॅपटॉपवरून, रुपयांत, आणि भारतात दिवस असताना, म्हणजे गरज पडल्यास मदत क्रमांकावर कोणीतरी जागे असते. श्टुटगार्टहून स्वतः जायचे असेल तेव्हा नागपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा आंतरराष्ट्रीय तिकिटातच जोडून घेते. थोडे महाग पडले तरी पैसे युरोत, जर्मनीतच भरले जातात आणि सामानाची मर्यादाही देशांतर्गत १५ किलोंवर येत नाही. तातडीच्या प्रवासासाठी चुलतभावाकडे एनआरओ खात्यातून काही रक्कम आगाऊ ठेवली आहे. आई-बाबांचे बंगळूरचे पुढचे तिकीट फेब्रुवारीचे आहे, ते या रविवारी काढीन. बाबांना सांगून ठेवले आहे की ओटीपी येणार नाही. तरी ते फोन हातात घेऊन बसतील.