शंभर फुटी रस्त्यावरचा २८० रुपयांचा फिल्टर पाना

गाडीचा ऑइल फिल्टर खोलायचा हा पाना सांगलीत शंभर फुटी रस्त्यावरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून घेतला. आधी त्यांनी पट्ट्याचा पाना गळ्यात मारला होता, तो तेलकट फिल्टरवरून नुसता सटकायचा. बदलून हा साखळीचा आणला. मागच्या गॅरेजवाल्यानं फिल्टर असा आवळलेला, की माझ्या हाताला दाद देईना. साखळीनं दुसऱ्या हिसक्यात सुटला. पत्रा चेपला, पण तो फेकायचाच होता. नवा बसवताना मात्र पाना बाजूला ठेवा. नव्या फिल्टरच्या तोंडावरच्या रबराला बोटानं जरासं नवं ऑइल लावायचं, रबर टेकलं की हातानंच पाऊण फेरा. बास.

एक सांगतो. जुना फिल्टर निघाला, पण त्याचा रबरी वायसर इंजिनलाच चिकटून राहिला होता. बोटानं चाचपलं म्हणून कळलं. त्यावरच नवा चढवला असता तर गाडी चालू केल्याबरोबर सगळं ऑइल रस्त्यावर!

पान्याची खोड म्हणजे दांडा आखूड. अडचणीच्या जागी हात सायलेन्सरच्या गरम पाइपाला लागतो, माझं मनगट भाजलं. ऑइल काढायला इंजिन कोमट पुरतं, एवढी घाई नको होती. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, मी रॅम्प वापरतो.

पाचपैकी साडेतीन. काकवीसारखं काळं झालेलं ऑइल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला दिलं. ज्यात ऑइल काढलं ते घमेलं मात्र आता आई घरात घेऊ देत नाही.